एकाच डावातून इटालियन ओपनिंग: हेस्टिंग्ज १८९५ पटावर मांडून

बुद्धिबळाचे ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करून पहिल्या स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूची अडचण ठरलेली असते. बारा चाली तोंडपाठ असतात, समोरचा पाचव्याच चालीला वेगळे काहीतरी खेळतो, आणि मग वीस मिनिटे घड्याळ पळत असताना ‘व्हिडिओत काय सांगितले होते’ हे आठवण्यात जातात. आणखी आठ चाली पाठ केल्या तर ही अडचण फक्त आठ चालींनी पुढे सरकते. त्यापेक्षा एक अख्खा डाव घ्यावा, पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत पटावर मांडावा, आणि ओपनिंगमधली कोणती चाल पुढे कुठे कामी आली, कोणती कुठे नडली ते बघावे.

त्यासाठी विल्हेल्म स्टाइनिट्झ विरुद्ध कुर्ट फॉन बार्डेलेबेन हा डाव घेऊ. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला १८९५च्या ऑगस्टमध्ये झालेल्या स्पर्धेतला. बावीस खेळाडू होते, प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळला. स्पर्धा जिंकली हॅरी पिल्सबरी या बावीस वर्षांच्या अमेरिकन खेळाडूने. आदल्याच वर्षी लास्करकडून जगज्जेतेपद गमावलेला स्टाइनिट्झ पाचवा आला, पण सुंदर डावाचे पहिले बक्षीस त्याला याच डावासाठी मिळाले. ओपनिंग इटालियन. शाळेच्या स्पर्धेत पहिल्या पटापासून शेवटच्या पटापर्यंत सगळीकडे दिसते, तेच.

तयारी

खरा पट आणि खरी मोहरी घ्या. मोबाइलवर चाली सरकवत गेलात तर पंचवीस चाली चार मिनिटांत संपतात आणि हाती काही लागत नाही. वही, पेन आणि पाऊण-एक तासाच्या दोन बैठका पुरतात. इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम) दुसरी बैठक संपेपर्यंत बंद ठेवा. इंजिन चाल सांगते, पण ती का खेळायची हे सांगत नाही. नव्या माणसाला ‘का’च हवे असते.

इथे चाली अशा लिहिल्या आहेत: रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याला अक्षर नाही, नुसते घर. उभ्या फाइल्स पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. मारले तर ×, शह दिला तर +, राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) ०-०. आकड्यापुढे तीन टिंबे असतील तर ती काळ्याची चाल. एकाच प्रकारची दोन मोहरी त्या घरी जाऊ शकत असतील तर अक्षराला फाइल जोडली आहे: हए म्हणजे ए फाइलवरचा हत्ती. स्पर्धेच्या स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) आपल्याकडे इंग्रजी अक्षरे चालतात. तिथे उंटाचे अक्षर आणि दुसऱ्या फाइलचे अक्षर एकच असते, फक्त उंटाचे मोठे आणि फाइलचे छोटे. घाईत दोन्ही सारखीच लिहिली की घरी आल्यावर सी४वर उंटाने मारले की प्याद्याने, हे कळत नाही. सवय आधीपासून लावा.

पहिल्या आठ चाली

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ उं-सी५

इथपर्यंत इटालियन. पांढऱ्याचा सी४चा उंट एफ७कडे बघतो. डावाच्या सुरुवातीला काळ्याच्या या प्याद्याला एकट्या राजाचा जोर असतो, म्हणून ते कच्चे. काळ्याचा उंट तसाच एफ२कडे बघतो. दोन्ही बाजू सारख्या.

४. सी३ घो-एफ६ ५. डी४ ई×डी४ ६. सी×डी४ उं-बी४+

सी३ ही चाल का? डी४ला प्यादे ढकलले आणि काळ्याने मारले, तर प्याद्यानेच परत मारता यावे म्हणून. मध्यात ई४-डी४ अशी प्याद्यांची जोडी उभी राहते. सी३ची किंमतही आहे: बी१च्या घोड्याचे हक्काचे घर अडते आणि एक चाल खर्च होते.

सहाव्या चालीचा शह महत्त्वाचा. नवे खेळाडू इथे उंट घाबरून बी६ला घेतात. मग पांढरा ७. डी५ खेळतो, सी६चा घोडा हलतो, पाठोपाठ ई५ येऊन एफ६चा घोडाही हुसकावला जातो. दोन प्यादी चाल करून येतात आणि काळ्याची मोहरी पळत राहतात. शह दिला की पांढऱ्याला आधी त्याचे उत्तर द्यावे लागते, आणि तेवढ्या उसंतीत काळ्याला मध्यावर हात घालता येतो.

७. घो-सी३ डी५ ८. ई×डी५ घो×डी५

७. घो-सी३मध्ये पांढऱ्याने ई४चे प्यादे बिनजोर सोडले आहे. काळा ते एफ६च्या घोड्याने मारू शकतो. तिथून निघणाऱ्या फांद्या फार गुंतागुंतीच्या आहेत, पुस्तकांत त्यांची पानेच्या पाने आहेत. नव्या माणसाने पांढऱ्याकडून इथे ७. उं-डी२ खेळावे: उं×डी२+ ८. घोबी×डी२ डी५ ९. ई×डी५ घो×डी५ आणि डाव समसमान. बार्डेलेबेनने प्यादे न घेता लगेच डी५ करून मध्य फोडला. दिसायला चाल ठीक आहे. अडचण अशी की मध्य उघडा पडला तेव्हा त्याचा राजा अजून ई८लाच होता.

या ठिकाणी पट न हलवता वहीत तीन गोष्टी लिहा. एक, प्यादी मोजा: दोघांची सात-सात. दोन, पांढऱ्याचे डी४चे प्यादे एकटे आहे, शेजारच्या सी आणि ई फाइल्सवर त्याला जोर देणारे प्यादे उरलेले नाही. डाव लांबला, मोहरी कमी झाली, की हे प्यादे ओझे होणार. तीन, ई फाइल पूर्ण मोकळी आहे आणि काळ्याचा राजा तिच्या टोकाला बसला आहे. पांढऱ्याने घाई करायची की काळ्याने, ते या तीन ओळींवरून ठरते.

(प्यादी मोजताना चुकलात तर बहुधा ५ आणि ६ या चालींत. डी४वर काळ्याने एक मारले, पांढऱ्याने एक मारले. मग आठव्या चालीत पांढऱ्याने डी५चे मारले आणि ते घोड्याने परत मारले. म्हणजे दोघांची दोन-दोन गेली, उरली सहा-सहा! वर ‘सात-सात’ मुद्दाम लिहिले होते. पट समोर असता तर तुम्ही तिथेच थांबला असता.)

किल्लेकोट हुकतो कसा

९. ०-० उं-ई६

काळ्यानेही इथे किल्लेकोट का केला नाही? हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर पटावर शोधा. डी५च्या घोड्यावर सी४चा उंट आणि सी३चा घोडा असा दुहेरी मारा आहे, जोर एकट्या वजिराचा. ९...०-० केले तर १०. घो×डी५ आणि घोडा फुकट गेला, कारण वजिराने परत मारले तर उंट वजीर खातो. म्हणून आधी उं-ई६ करून जोर वाढवावा लागला. दुसरा मोह म्हणजे ९...घो×सी३ १०. बी×सी३ उं×सी३ असे प्यादे खाण्याचा. तिथे ११. व-बी३ येते, एकाच चालीत सी३च्या उंटावर आणि एफ७वर मारा. प्यादे पोटात आणि राजा उघड्यावर, अशी गत.

१०. उं-जी५ उं-ई७ ११. उं×डी५ उं×डी५ १२. घो×डी५ व×डी५ १३. उं×ई७ घो×ई७ १४. ह-ई१

डावाचा गाभा या पाच चालींत आहे. पहिल्या बैठकीतला निम्मा वेळ इथे द्या.

१०. उं-जी५ वजिरावर मारा करते, म्हणून काळ्याला उत्तर देणे भाग. तो उंट ई७ला आणून मध्ये घालतो आणि पुढच्या चालीला किल्लेकोट करायच्या तयारीत असतो. त्याला फक्त एक मोकळी चाल हवी आहे, आणि स्टाइनिट्झ ती मिळू देत नाही. ११, १२, १३ या तिन्ही चालींत तो काहीतरी मारतो. प्रत्येक वेळी काळ्याला परत मारावेच लागते, नाहीतर मोहरे जाते. तीन जोड्या पटावरून उतरतात. ‘मोहरी कमी झाली म्हणजे डाव शांत झाला’ असा नव्या खेळाडूचा समज असतो. इथे मारामारी संपताच १४. ह-ई१ येते आणि काळ्याच्या लक्षात येते की ई७चा घोडा राजासमोर जखडला गेला आहे, हलला तर राजावर शह. आता किल्लेकोट केला तर १५. ह×ई७, घोडा गेला.

दुसऱ्या बैठकीत मागे जाऊन मोजा: काळ्याला किल्लेकोट करायला नेमक्या कुठल्या चालीला संधी होती? ओपनिंगमध्ये कुठे? हे शोधण्यात पंधरा मिनिटे गेली तरी ती वाया नाहीत. स्वतःच्या डावात हाच प्रश्न दर दोन चालींनी विचारायचा आहे.

राजा मध्यात, पुढे काय

१४...एफ६ १५. व-ई२ व-डी७ १६. हए-सी१ सी६

काळ्याचा बेत स्वच्छ आहे: राजा एफ७ला, मग एच८चा हत्ती मोकळा. हाताने केलेला किल्लेकोटच म्हणा. पांढऱ्याने वजीर आणून ई७वर दुहेरी दाब दिला, काळ्याने वजिराचा जोर दिला. १६...रा-एफ७ तेव्हाच का नाही? कारण १७. व×ई७+ व×ई७ १८. ह×ई७+ रा×ई७ १९. ह×सी७+ आणि आणखी एक प्यादे पडते. हत्तीच्या बदल्यात घोडा आणि दोन प्यादी पांढऱ्याची. म्हणून आधी सी६.

१७. डी५ सी×डी५ १८. घो-डी४ रा-एफ७ १९. घो-ई६

आपले एकटे, कच्चे प्यादे पांढरा देऊन टाकतो. मिळते काय? डी४चे घर. एफ३चा घोडा डी४वरून ई६ला जाऊन बसतो, आणि सी फाइलही उघडते. ज्या प्याद्याला आपण वहीत ‘ओझे’ लिहिले होते, त्याचा हा उपयोग. एकटे प्यादे सांभाळत बसण्यापेक्षा योग्य वेळी पुढे ढकलून देणे अनेकदा फायद्याचे, ही इटालियनमध्ये वारंवार लागणारी गोष्ट.

काळ्याने इथे १७...रा-एफ७ खेळायला हवे होते, असे विश्लेषक सांगत आले आहेत. प्यादे खायचा मोह आवरून राजा हलवणे. सी×डी५ केल्यावर मात्र ई६चा घोडा घशातल्या काट्यासारखा अडकतो. वजिराने तो मारला तर पांढरा वजीर शह देत वजीर खातो, आणि त्या वजिराला ई१च्या हत्तीचा जोर असल्यामुळे राजाला तो परत मारता येत नाही.

१९...हएच-सी८ २०. व-जी४ जी६ २१. घो-जी५+ रा-ई८

जी७वर मात होण्याइतका मारा होता, म्हणून जी६. आता घोडा उठला की त्याच्यामागचा वजीर थेट डी७च्या वजिराकडे बघतो. घोड्याचा शह आणि वजिरावर मारा एकाच चालीत. प्याद्याने घोडा मारला तर वजीर जातो. राजाला ई८लाच जावे लागते, वजिराला जोर द्यायला.

२२. ह×ई७+ रा-एफ८

थांबा आणि पट नीट बघा. पांढऱ्याची चारही मोहरी मारात आहेत: ई७चा हत्ती, सी१चा हत्ती, जी४चा वजीर, जी५चा घोडा. काळ्याला एक मोकळी चाल मिळाली तर सी१वर मारून तोच मात करेल. २३. व×डी७ असा वजीर खाल्ला तर? ह×सी१+ आणि पांढऱ्याची पहिल्या ओळीवर मात. अशा स्थितीत नव्वद टक्के नवे खेळाडू वजीर खातात. आकडा मोजलेला नाही, पण कुठल्याही वर्गात ही स्थिती लावून बघा.

ई७चा हत्ती मारायचा म्हटले तरी पंचाईत. २२...व×ई७ला २३. ह×सी८+ ह×सी८ २४. व×सी८+ आणि पांढऱ्याचा एक घोडा जास्त. २२...रा×ई७ला २३. ह-ई१+ आणि राजा उघड्यावर पळू लागतो.

२३. ह-एफ७+ रा-जी८ २४. ह-जी७+ रा-एच८ २५. ह×एच७+

हत्ती शह देत देत राजाच्या शेजारून चालतो आणि त्याला कोणी हात लावू शकत नाही. जी७ला राजाने मारला तर २५. व×डी७+ हे आता शहासह येते, म्हणून सी१वर मारायला काळ्याला वेळ मिळत नाही. वजिराने मारला तर सी८वर मारामारी होऊन पांढऱ्याचा एक घोडा जास्त उरतो. एफ७ला तर घोड्याचा जोरच आहे.

बार्डेलेबेन इथे काही न बोलता सभागृहातून निघून गेला आणि त्याची वेळ संपली. उरलेली मात स्टाइनिट्झने तिथल्या तिथे दाखवली: २५...रा-जी८ २६. ह-जी७+ रा-एच८ २७. व-एच४+ रा×जी७ २८. व-एच७+ रा-एफ८ २९. व-एच८+ रा-ई७ ३०. व-जी७+ रा-ई८ ३१. व-जी८+ रा-ई७ ३२. व-एफ७+ रा-डी८ ३३. व-एफ८+ व-ई८ ३४. घो-एफ७+ रा-डी७ ३५. व-डी६ मात. हीही पटावर खेळून बघा. हत्ती दिल्यावर वजीर आणि घोडा दोघेच कसे पुरतात, हे हाताला कळते.

स्वतःच्या डावात काय आणायचे

स्टाइनिट्झच्या ५. डी४ने मध्य फुटतो आणि डाव तलवारीच्या पात्यावर येतो. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत पांढऱ्याकडून ५. डी३ खेळा. आजचे अव्वल खेळाडूही इटालियनमध्ये बहुतेक वेळा हेच निवडतात. रचना अशी: सी३, डी३, ०-०, ह-ई१, मग बी१चा घोडा डी२वरून एफ१ आणि तिथून जी३. क्रम चुकू नये. किल्लेकोटानंतर एफ१ला हत्ती असतो, तो ई१ला गेल्याशिवाय घोड्याला एफ१ मोकळे होत नाही. सी४च्या उंटाला मागे सरकायला वाट ठेवा, नाहीतर काळा घो-ए५ करून तो घोड्याच्या बदल्यात घेतो. तयारी झाली की मग डी४.

एक चूक सर्रास होते: काळ्याने अजून किल्लेकोट केलेला नसताना पांढरा उं-जी५ करून घोडा जखडतो. काळा एच६, मग जी५ ढकलतो, उंट मागे पळतो आणि काळ्याची प्यादी तुमच्याच किल्लेकोटावर चालून येतात. काळ्याचा राजा त्या बाजूला गेल्यावरच हा उंट बाहेर काढा.

काळ्याकडून बसलात तर तीन सापळे ओळखून ठेवा.

पहिला: ३...घो-एफ६ खेळल्यावर ४. घो-जी५. पांढऱ्याचा घोडा आणि उंट दोघेही एफ७वर. ४...डी५ ५. ई×डी५ आणि इथे हात आपोआप ५...घो×डी५कडे जातो. तो आवरा. ६. घो×एफ७ रा×एफ७ ७. व-एफ३+ रा-ई६ ८. घो-सी३ असा राजा पटाच्या मध्यात येतो. बचाव शक्य आहे, पण घड्याळासमोर बसून तो शोधणे नव्या माणसाचे काम नाही. ५...घो-ए५ खेळा, ६. उं-बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६. एक प्यादे कमी, पण तुमची मोहरी झटपट बाहेर येतात.

दुसरा: ३...उं-सी५ खेळल्यावर कोणी घाईत ४. घो-जी५ केले तर आनंदाने ४...व×जी५. एफ६चा घोडा आलेला नसल्याने वजिराची वाट मोकळी असते. शालेय स्पर्धेत पहिल्या फेरीत हे दर वर्षी घडते. पांढऱ्याकडून असाल तर ती चाल खेळायच्या आधी डी८कडे एकदा बघा.

तिसरा काळाच लावतो: ३...घो-डी४. ई५चे प्यादे फुकट दिसते. ४. घो×ई५ व-जी५ ५. घो×एफ७ व×जी२ ६. ह-एफ१ व×ई४+ ७. उं-ई२ घो-एफ३ मात. पांढऱ्याने ४. घो×डी४ ई×डी४ ५. ०-० खेळावे, विषय संपला.

पटावर बसल्यावर

नव्वद मिनिटे आणि दर चालीला तीस सेकंद, ही मानांकन (रेटिंग) स्पर्धांतली नेहमीची वेळ. ओळखीच्या पहिल्या दहा चालींना मिळून दहा मिनिटांहून जास्त देऊ नका; मारामारी सुरू होते तिथे, म्हणजे या डावातल्या दहाव्या चालीसारख्या जागी, पंधरा मिनिटे बसायला हरकत नाही. दर चालीला तीस सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात. आधी खेळा, मग लिहा. चाल आधी लिहून ठेवून नंतर खेळणे नियमात बसत नाही.

ज्या मोहऱ्याला हात लावला ते हलवायचे. नुसते नीट ठेवायचे असेल तर हात लावण्याआधी तसे सांगा, आणि तेही आपली चाल असताना. किल्लेकोटात आधी राजा उचला, मग हत्ती. आधी हत्तीला हात लावून मग राजाला लावलात तर त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. दोन्ही हातांनी किल्लेकोट किंवा मारामारी करून घड्याळ दाबले तर तीही चूक धरली जाते. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. नियमबाह्य चाल पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जास्त मिळतात, दुसऱ्यांदा डाव जातो. प्यादे आठव्या ओळीला पोहोचले की ते काढून नवे मोहरे ठेवा आणि मगच घड्याळ दाबा. (घरी आजोबांकडून देशी पद्धत शिकलेल्यांनी लक्षात ठेवावे: ज्या फाइलवर प्यादे पोहोचले तिचेच मोहरे, असे इथे नाही. हवा तो वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा घ्यावा.)

मोबाइल पालकांकडे किंवा आयोजक सांगतील तिथे. सभागृहात तो वाजला तर डाव हातचा जातो. बरोबरीची विचारणा आपली चाल खेळून, घड्याळ दाबण्याआधी करा, एकदाच. शंका आली तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवा, समोरच्याशी हुज्जत घालू नका.

आणि डाव हरलाच तर बार्डेलेबेनसारखे उठून जाऊ नका. पंचांना न विचारता स्पर्धेची जागा सोडता येत नाही, आणि आपली चाल असताना तर पटांचे दालनही नाही. हात पुढे करा, घड्याळ थांबवा, निकाल दोन्ही स्कोअरशीटवर लिहून दोघांनी सह्या करा. सही करण्याआधी निकाल वाचा. जिंकलेला डाव हरल्याचा लिहून सही केलेली असली तर नंतरची धावपळ फार.

फिडेचे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे) पहिले मानांकन यायला मानांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव लागतात, आणि मार्च २०२४पासून यादीतले सर्वात खालचे मानांकन १४०० आहे. पहिल्या स्पर्धेत ते नाही आले तर काही बिघडत नाही.

घरी आल्यावर

स्कोअरशीटवरून डाव वहीत उतरवा. ज्या चालीला तुम्ही किंवा समोरचा ओळखीच्या रचनेतून बाहेर पडला, तिच्यापुढे खूण करा. त्या चालीवर स्वतःचे मत दोन ओळींत लिहा, आणि मगच लिचेस या संकेतस्थळावर स्टॉकफिश हे इंजिन लावा. इंजिनचे उत्तर वेगळ्या रंगात त्याच ओळीखाली. अशा आठ-दहा नोंदी झाल्या की तुमचे स्वतःचे ओपनिंग तयार होऊ लागते, आणि त्यात फक्त त्याच चाली असतात ज्या तुमच्या समोर खरोखर आल्या.

सरावाला हेस्टिंग्जच्या डावातली सोळाव्या चालीनंतरची स्थिती उत्तम. पांढरे: रा-जी१, व-ई२, ह-सी१, ह-ई१, घो-एफ३, प्यादी ए२, बी२, डी४, एफ२, जी२, एच२. काळे: रा-ई८, व-डी७, ह-ए८, ह-एच८, घो-ई७, प्यादी ए७, बी७, सी६, एफ६, जी७, एच७. मित्राला काळी मोहरी द्या, १७. डी५ला १७...रा-एफ७ खेळायला सांगा, प्रत्येकाला वीस मिनिटे लावा आणि पांढऱ्याकडून जिंकता येते का बघा. मग बाजू बदला.